गाडीत झोपून पाहिलेला समुद्र

कोकणात जाऊन आलेली माणसं आधी हॉटेल कसं होतं ते सांगतात. मी कुठल्याच हॉटेलात उतरले नव्हते, त्यामुळे मला गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

गाडी छोटी, राखाडी रंगाची, जुनीच. आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन रहिमतपुरात आले आणि पहिल्या झटक्यात त्यांनी ही गाडी घेतली. पुढं त्यांना काचबिंदू निघाला. त्यांना समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा मी शिकायला घेतलं. ऊस तुटून गेलेल्या रानात मी गाडी फिरवायची आणि हे बांधावर उभं राहून ओरडायचे, तेही हिंदीत. एरवी घरात हिंदी नाही, पण ड्रायव्हिंग त्यांना दुसऱ्या भाषेत शिकवताच येत नाही. "क्लच धीरे! अरे धीरे बोला ना!" शेजारच्या रानातल्या बायका खुरपणी थांबवून बघत बसायच्या.

मला लायसन्स मिळालं आणि गाडी आवडायला लागली. दिवसभर ब्लाउज शिवून मान अवघडली की संध्याकाळी कोरेगाव रस्त्याला एक चक्कर टाकायची. त्यात मला जे सुख मिळतं ते मी कुणाला समजावून सांगत बसत नाही.

संक्रांत झाली आणि एका रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "गाडी इकून टाकायची का गं? दारात नुस्ती हुबी ऱ्हाती."

मी म्हणाले, "इका की. मला काय करायचीया गाडी?"

आमच्या सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही माणसाला या वाक्याचा अर्थ कळेल. मला वाटलं, ते पुन्हा विचारतील. मग मी म्हणेन, तुमचं तुम्ही बघा. मग ते तिसऱ्यांदा विचारतील आणि तेव्हा मी सांगेन, की विकू नका, मला हवी आहे. ह्यांनी काही पुन्हा विचारलं नाही. हात धुतला, फोन लावला आणि फलटणच्या एका मेडिकलवाल्याला शब्द दिला. तो येत्या रविवारी गाडी न्यायला येणार असं ठरलं.

मी फुगून बसले. ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "जायाच्या आधी एकदा ही गाडी घिऊन समुद्र बघून येते."

"एकटी?"

"एकटी."

"आनि झोपनार कुठं?"

"गाडीत. लॉजला पैसं घालवायला मी काय खुळी हाय का?"

ह्यांनी मान हलवली. "रविवारच्या आत ये. घाटात न्यूट्रल करू नगंस." मी जाऊ नये असं त्यांनी एका शब्दानंही म्हटलं नाही. त्याचाही मला थोडा रागच आला.

तयारी

माझं माहेर कुपवाडचं. भाऊ तिथं एका कारखान्यात वेल्डर आहे. त्याला मागची सीट पाडून वर ठेवायला एक लोखंडी घडीचा सांगाडा करायला सांगितला. त्यानं तो करून दिला, वर प्लायवूडची फळी बसवून दिली आणि म्हणाला, "तायडे, त्यापेक्षा गप एखाद्या लॉजवर ऱ्हा की." फळीवर वाकळ अंथरली. डिकीकडं डोकं, पुढच्या सीटच्या पाठीकडं पाय. माझी उंची बेताची आहे. हा गुण आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडला.

मच्छरदाणी फाडून चारी खिडक्यांना पिशव्या शिवल्या. दाराच्या वरून त्या टोपीसारख्या घालायच्या, म्हणजे काच खाली ठेवून झोपता येतं. हे जमलं नसतं तर पहिल्याच रात्री मी उकडून परत आले असते. कुणाला असं जायचं असेल तर दुसरं काही नको, पण या पिशव्या आधी शिवून घ्या.

बरोबर कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि गुळाची ढेप घेतली. समुद्रावर गूळ कशाला हे मला विचारू नका. आमच्याकडं घरातून बाहेर पडताना गूळ घेतात.

घाट

कराडपर्यंत सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. दोन-दोन ट्रेलर, वर ऊस, त्याच्याही वर टेपवर गाणी. मागं लागायचं आणि निमूट चालायचं. पाटणच्या पुढं ऊस संपला, गारवा लागला. कोयनेचं पाणी डोंगराआड चमकताना दिसलं आणि मग कुंभार्ली घाट सुरू झाला.

घाटाबद्दल फार लिहीत नाही. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, मागच्या सगळ्या गाड्यांना पुढं जाऊ दिलं आणि वळणावळणाला हॉर्न दिला. खाली पोहोचून एका चहाच्या टपरीवर थांबले, तेव्हा बोटं स्टिअरिंगच्या आकारातच राहिली होती. टपरीवाल्यानं कप हातात द्यायच्या ऐवजी बाकावर ठेवला.

चिपळूणच्या पुढं हवा बदलली. अंगाला चिकटायला लागली. घरं दिसेनात, नुसत्या वाटा झाडीत शिरताना दिसायच्या. आमच्याकडं घर लांबून दिसतं, वाट शोधावी लागते. इथं उलटं आहे.

गुहागरजवळच्या एका लहान गावात मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांच्या अंगणात राहिले त्यांना आवडणार नाही. समुद्र मी टीव्हीवर पाहिला होता, पण टीव्हीवर तो कुठंतरी संपतो. इथं मी गाडीतून उतरून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि मग उगीचच चप्पल काढून हातात घेतली. आवाज ओळखीचा वाटला. गळीत हंगामात रात्री लांबून कारखान्याची घरघर येते, तसाच. मला रडू आलं. का ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता सांगण्याइतकं नीट अजूनही कळलेलं नाही.

खळ्यात

आमच्याकडं गाडी लावायची म्हणजे आधी सावली शोधायची. कडुलिंब असेल तर उत्तम, चिंच असली तरी चालते. मी रस्त्याकडेला एक छान गार सावली बघून गाडी लावली. तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून एक म्हातारी बाई हात हलवत आली. "ओ बाई, काढा, काढा ती गाडी!"

मला वाटलं, हिची जागा असणार. मी गाडी सुरू करायला लागले तर ती वर बोट दाखवत होती. वर नारळ. घोसच्या घोस.

"नारळाखाली गाडी लावतं का कोणी? टप फुटेल नाहीतर डोकं. कुठल्या तुम्ही?"

"सातारा."

"मग बरोबर," ती म्हणाली.

या सुमतीकाकू. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलं मुंबईला. मी गाडीत झोपणार आहे हे ऐकून त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, रस्त्यावर नको, आमच्या खळ्यात लावा. न्हाणी मागं आहे, विहिरीचं पाणी आहे. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. मी गाडी आत घेतली, तोंड रस्त्याकडं करून. ही सवय ह्यांच्या फौजेची.

दिवेलागणीला काकू ओट्यावर आल्या. आतून भाताचा आणि नारळाच्या आमटीचा वास येत होता. मी सकाळपासून भाकरीच्या दोन तुकड्यांखेरीज काही खाल्लं नव्हतं.

"जेवायला येणार का आत?"

मी म्हणाले, "नको नको, कशाला तुम्हाला त्रास."

"बरं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मी वाट बघत राहिले. आमच्याकडं यानंतर हात धरून ओढतात, शपथा घालतात, नाही आलात तर आम्हीही जेवणार नाही म्हणतात. इथं काही नाही. थोड्या वेळानं आतून ताट घासल्याचाही आवाज आला. मग मी गाडीत बसून खर्ड्याशी भाकरी खाल्ली आणि मनात म्हणाले, माणसं कोरडी दिसतात.

झोप मात्र चांगली लागली. जाळीतून वारा येत होता. कूस बदलताना गुडघे दाराला लागत होते इतकंच.

सकाळी काच आतून-बाहेरून ओली होती. बोट लावून चाखलं तर खारट. काकूंनी विचारलं, "चहा घेणार?"

मी शिकले असेन असं तुम्हाला वाटेल. तोंडातून आलं, "राहू दे हो, आत्ताच उठलेय."

"बरं," काकू म्हणाल्या.

पुळण

उपाशीपोटीच पुळणीवर गेले. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. तिथं रापण ओढत होते. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात सोडतात आणि मग त्याचे दोर दोन्ही बाजूंनी माणसं किनाऱ्यावर ओढत आणतात. बायकासुद्धा होत्या. मी बघत उभी राहिले तर एक बाई सरकून म्हणाली, "लाव हात." मी लावला. शेतातली माणसं आम्ही, दोर ओढायला शिकवावं लागत नाही. पाय वाळूत रुतवून, मागं झुकून, सगळ्यांच्या लयीत ओढायचं. कमरेचा काटा ढिला झाला, पण मजा आली. जाळं काठाला आलं आणि त्यात मासे उड्या मारायला लागले तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले.

ज्यानं दोराला हात लावला त्याला मूठभर मासे द्यायचे अशी तिथली रीत आहे. गावातला असो की परका. एक काळाकभिन्न म्हातारा टोपली घेऊन एकेकापुढं थांबत होता. माझ्यापुढं आला. चांगले चकचकीत बांगडे.

"घ्या."

"नको नको, मला कशाला, मी आपली गंमत म्हणून..."

तो पुढच्या बाईकडं गेला. तिच्या पदरात माझे बांगडे पडले. ती बाई माझ्याकडं बघून हसली, टोमणा नव्हता त्यात. मी मात्र तिथंच वाळूत बसकण मारली. पोटात कावळे ओरडत होते आणि ओरडायला कारण मीच दिलं होतं.

परत आले तेव्हा काकू ओट्यावर कोकम निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "एक विचारू? तुमचा कसला उपास आहे का? की पथ्य? काल रात्री नको, सकाळी नको."

मला हसूच फुटलं. मग मी सगळं सांगितलं. आमच्याकडं पहिलं नको म्हणजे नुसती रीत. दुसरं नको म्हणजे यजमान मनापासून बोलावतोय का ते बघणं. तिसऱ्यांदा विचारलं की मग पाटावर बसायचं. एकदा विचारल्याबरोबर हो म्हणणारा माणूस आमच्याकडं हावरा ठरतो.

काकू ऐकत होत्या. "आणि आमच्याकडे नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारलं तर त्याच्यावर बळजोरी केल्यासारखं होतं. त्याला नको आहे, त्यानं सांगितलं, संपलं."

"काल रात्री मला वाटलं, तुम्ही तोंडदेखलं विचारलंत."

"तोंडदेखलं? दोघींचा भात टाकला होता गो. सकाळी गाईला घातला."

मला इतकं ओशाळं वाटलं, की मी त्यांच्या सुपातलं कोकम निवडायला लागले. काकूंनी थोड्या वेळानं विचारलं, "पण मग तुमच्यात एखाद्याला खरंच हवं असेल, तर तो काय म्हणतो?"

"नको म्हणतो."

"आणि खरंच नको असेल तर?"

"तरी नकोच म्हणतो."

"मग कळतं कसं?"

"समोरचा विचारत राहतो, त्यातून कळतं."

"आणि त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

त्यांनी सहज विचारलं होतं. माझा हात मात्र सुपातच थांबला. ह्यांची सगळी नोकरी फौजेत गेली. तिथं एकदा विचारतात, उत्तर एकदा देतात आणि त्या उत्तरावर गाड्यांचा ताफा हलतो. मी 'इका की' म्हणाले आणि ह्यांनी ते जसंच्या तसं घेतलं. मी घरात रुसून बसले, पण त्या माणसाला मी का रुसलेय ते ठाऊकच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी मला विचारून, माझ्या मनासारखंच केलं होतं.

काकू उठल्या. "घावणे घालतेय. खाणार?"

"हो," मी म्हणाले. हा शब्द इतका उघडा वाटला, की मी पदर सारखा केला.

घावणे म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार. बरोबर नारळाचा रस, त्यात गूळ. मी आणलेली ढेप काकूंनी फोडली आणि हुंगून म्हणाल्या, गूळ असा असतो होय. किती घावणे खाल्ले ते लिहीत नाही.

दुपारी सुरूच्या बनात गाडी लावली, डिकी उघडी टाकून समुद्राकडं तोंड करून फळीवर पडले आणि ह्यांना फोन लावला.

"पानी बघितलंस का रेडिएटरचं?" हे त्यांचं नमस्काराच्या जागी.

"बघितलं. ऐका. गाडी इकू नगा. मला पायजे."

ते म्हणाले, "पन तूच म्हनालीस की."

"व्हय, म्हनाले. तवा तसं म्हनायचं म्हनून म्हनाले. मला गाडी पायजे."

"मी शब्द दिलाय."

"म्हाईत हाय मला."

ह्यांनी दिलेला शब्द मोडलेला मी तोवर बघितलेला नव्हता. शेवटी म्हणाले, "घाट चढून घरी ये. मग बोलू." आणि फोन ठेवला. मी एकदाच, सरळ सांगितलं होतं. आता ते ऐकणार की शब्द पाळणार, हे मला काही केल्या ओळखता येईना. त्यानंतरचा समुद्र मी नीट बघितला नाही असं नाही, पण मधूनमधून घरच डोळ्यापुढं येत होतं.

परत

रविवारी पहाटे निघाले. काकूंनी नारळ आणि कोकम दिलं. "घेणार ना?" "घेणार." दोघीही हसलो.

कुंभार्ली चढताना एका अवघड वळणावर पुढं ट्रक बंद पडलेला. सगळ्या गाड्या चढावर खोळंबल्या. मी हँडब्रेक ओढून थांबले. रस्ता मोकळा झाला आणि मी हँडब्रेक काढून क्लच सोडला तर गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं घरंगळली. मागं टेंपो होता. मी ब्रेक दाबला, तेव्हा आमच्यात हातभर अंतर उरलं असेल. जळका वास आला. मला वाटलं, इथंच ठरणार सगळं. गाडी ठोकली तर मग कुठल्या तोंडानं मागायची?

टेंपोवाला उतरून आला. खिडकीत वाकून बघितलं, मग कडेचा एक धोंडा उचलून माझ्या मागच्या चाकाला लावला. "आता न्हाई जात मागं. घाई नगा करू ताई. क्लच हळूच, मंग रेस." बोली ऐकून कळलं, कराडकडचा. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी गुरगुरत निघाली. आरशात तो धोंडा रस्त्यातून उचलून कडेला टाकताना दिसला. वर पोहोचल्यावर मी गाडी बाजूला घेऊन आधी पाणी प्याले.

घरी आले तर फलटणचे पाहुणे ओसरीवर बसलेले. तिशीचा हसतमुख माणूस. ह्यांनी मला हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत. म्हणाले, "हे फलटनचं पावनं. फोनवर काय म्हनलीस त्ये ह्यांच्यापुढं सांग."

मी सांगितलं. "गाडी विकायची नाही. मला हवी आहे."

पाहुणा आमच्याकडचाच. त्यानं ते पहिलं नको धरलं. "आवं ताई, असं काय करताय, मी चांगली ठिवतो की." मी पुन्हा नाही म्हणाले. त्यानं ते दुसरं धरलं. मग तो ह्यांच्याकडं वळला. "बापू, तुमी शब्द दिलावता."

हे उठून उभे राहिले. "दिलावता. पैल्यांदाच शब्द माघारी घेतोय, म्हनून तुमच्यापुढं हात जोडतो. गाडी माज्या नावावर हाय, पन माजी न्हाई. चालवती ती."

त्यांनी खरोखरच हात जोडले. ह्या माणसाला मी कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. पाहुणाही गडबडून उठला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हणाला. चहा घेऊन, एक नारळ घेऊन तो एस.टी.ला गेला.

तो गेल्यावर हे गाडीकडं गेले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "रोज दारात हुबी दिसायची. मला चालवता येत न्हाई आनि ही रोज दिसतीया. ते सोसत नव्हतं. म्हनून इकायची म्हनलं." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मन झाकून ठेवणारी घरात मी एकटीच नव्हते.

मी विचारलं, "माज्यासंगं याल का समुद्रावर?"

"मी?" ते म्हणाले. "मला तो सगळा दिसायचा न्हाई गं. नळीतनं बघायचं, इवलासा."

"सगळा कुनालाच दिसत न्हाई वो. माजं डोळं चांगलं हायत, मला तरी कुठं दिसला?"

ते बॉनेटवरची धूळ हातानं पुसत राहिले. आमच्याकडच्या रीतीनं मी आता दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, थांबले.

"येतो," ते म्हणाले.